कच्चे खावे की शिजवून?

वर्षावास सुरू झाला की आपल्या अनेक घरांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मांस-मासळी बंद असते. काही घरांत फक्त उपोसथाचे दिवस पाळतात. काही घरांत दोन्ही पाळत नाहीत, आणि त्याने कुणी कमी बौद्ध ठरत नाही. पण ताटातून मटण, बोंबील, अंडी गेली की घरातल्या बाईला प्रश्न पडतोच, आता ताकद कशातून मिळणार? त्यात मोबाईलवर रोज नवा सल्ला येऊन पडतो. शिजवले की भाजीचे सत्त्व मरते. मोड कच्चेच खा. दुधीचा रस उपाशीपोटी प्या. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की, एखादी गोष्ट केवळ ऐकिवात आली म्हणून मानू नका, तपासून बघा. तोच नियम या सल्ल्यांना लावून पाहू.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. वस्तीतल्या घराने, निदान पावसाळ्यात, पालेभाजी आणि कडधान्य शिजवूनच खावे. कच्चे खायचे ते सोलून खाता येणारे असावे, आणि शिजलेल्या भाजीवर लिंबू पिळावे. सत्त्व टिकवायचे असेल तर त्याला दुसरे मार्ग आहेत, ते पुढे देत आहोत.

सर्वांत मोठी काळजी रक्ताची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४.२ टक्के आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. म्हणजे दोन बायका नळावर उभ्या असतील तर त्यातल्या एकीच्या अंगात रक्त कमी आहे. जिना चढताना धाप लागते, डोके गरगरते, पोरगी वर्गात पेंगते, आणि घरचे म्हणतात आळशी आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, पण लोहाची कमतरता हे त्यातले मोठे कारण.

लोह पालेभाज्यांत, कडधान्यांत, तिळात, बाजरीत असते. अडचण अशी की मांसातले लोह शरीर सहज उचलते आणि वनस्पतीतले फार थोडे उचलते. पालक हे त्याचे उत्तम उदाहरण. लोहासाठी त्याचे नाव सगळीकडे घेतले जाते, पण त्यातले ऑक्झॅलेट हे आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, आणि त्याच्या लोहातलेही फार थोडे अंगी लागते. कच्चा पालक वाटून त्याचा हिरवा रस पिणाऱ्याच्या पोटात हे ऑक्झॅलेट सगळेच जाते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. पालक उकळून ते पाणी टाकले की ऑक्झॅलेट बरेच कमी होते.

या अडचणीवर स्वस्त इलाज लिंबू. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व वनस्पतीतले लोह शोषायला मदत करते. पेरूत तर संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी जास्त. क जीवनसत्त्व उष्णतेने नासते, म्हणून लिंबू भाजीत शिजवू नका, भाजी ताटात वाढल्यावर पिळा. जेवणासोबत पेरूची फोड खाल्ली तरी तेच काम होते. याच्या उलट चहा. चहातली तुरट द्रव्ये लोहाला अडवतात. आपल्याकडे जेवण झाले की चहा, ग्रंथवाचन संपले की चहा, पाहुणा आला की चहा. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही, कुणी ऐकणार नाही. पण जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी नको. लोखंडी कढई घरात पडून असेल तर ती बाहेर काढा. तिच्यात अंबाडीसारखी आंबट भाजी केली की कढईचे थोडे लोह भाजीत उतरते.

भाज्यांचे म्हणाल तर बाजारातल्या महागड्या कोबी-फ्लॉवरच्या मागे लागण्याची गरज नाही. तांदुळजा, घोळ, चाकवत, अंबाडी, पहिल्या पावसात उगवणारा टाकळा (विदर्भात तरोटा म्हणतात तो), शेवग्याचा पाला, या भाज्यांना गरिबाचे खाणे म्हणून हिणवले गेले. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य भरपूर आहे. वस्तीत कुठे तरी शेवग्याचे झाड असतेच. शेंगा काढतात आणि पाला झडून वाया जातो. टाकळ्याची मात्र कोवळीच पाने घ्यावीत.

आता कच्चे का नको ते. अनेक ठिकाणी पालेभाजी नाल्याच्या किंवा मैलापाण्याच्या आधारावर वाढते. मुंबईत रुळांच्या कडेची शेती आपण लोकलमधून पाहिलेली आहे. पावसात गटार तुंबले की तेच पाणी नळाच्या फुटक्या जोडातही शिरते. कच्च्या पानावरून कावीळ, टायफॉईड, हगवण आणि जंत घरात येतात. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

एका आजाराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्या नावावर अजून अंगारे-धुपारे चालतात. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी ज्याच्या आतड्यात असतो, त्याच्या विष्ठेतून त्या जंताची अंडी बाहेर पडतात. ती मैलापाण्यातून कोथिंबीर, मुळा, पालक यांच्या पानांना चिकटतात, किंवा न धुतलेल्या हातातून अन्नात येतात. अंडे पोटात गेले की त्यातून अळी निघते, रक्तावाटे मेंदूत पोहोचते आणि तिथे तिची गाठ बनते. मग एक दिवस धडधाकट मुलाला फिट येते. ज्याने जन्मात डुकराचे मांस खाल्ले नाही, जो पक्का शाकाहारी आहे, त्यालाही हे होते, कारण अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. फिट आलेल्या मुलाला चप्पल हुंगवणे, बाहेरचे लागले म्हणून देवऋषीकडे नेणे यात दिवस घालवू नका. सरकारी रुग्णालयात मेंदूचा स्कॅन करून निदान होते आणि औषधाने बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो.

भाजी मिठाच्या पाण्यात ठेवली की झाले, असे पुष्कळ जणी मानतात. मिठाने अळ्या-किडे सुटतात, पण रोगजंतू मरत नाहीत. जंताच्या काही अंड्यांचे कवच इतके चिवट असते की क्लोरीनच्या पाण्यालाही ती दाद देत नाहीत. वाहत्या पाण्यात पान-पान चोळून धुणे चांगलेच, पण खात्री उकळीचीच. काकडी, मुळा, गाजर खायचे तर आधी धुवा, मग सोला, आणि सोलल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने एकदा धुवा. पोह्यावर, आमटीवर वरून पसरायची कोथिंबीर भांडे उतरवताना नव्हे, उकळी असतानाच टाका.

मोडांबद्दल गैरसमज जास्त आहेत. मटकी, मूग, हरभरा यांना मोड आले की त्यातले क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाला अडवणारे फायटेट कमी होते. म्हणून मोड आणणे चांगलेच. पण जे ओलसर उबदार फडके मोडाला लागते, तेच जंतूंनाही मानवते. जर्मनीत २०११ साली मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय जंतूची साथ पसरली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. तिथे नळाला चोवीस तास स्वच्छ पाणी असते, हे लक्षात घ्या. आपण मटकी रात्री भिजवावी, सकाळी पाणी टाकून फडक्यात बांधावी, मोड आले की झाकण ठेवून दाणा मऊ होईपर्यंत वाफवावी आणि खाताना लिंबू पिळावे. क जीवनसत्त्व थोडे जाते, लिंबाने भरून येते. फडक्याला वास आला किंवा दाणा बुळबुळीत झाला तर टाकून द्या, शिजवूनही खाऊ नका. पाच रुपयांची मटकी जाते, पोराची हगवण टळते.

राजमा तर कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधीच खाऊ नये. त्यात लेक्टिन नावाचे द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणेही जोराच्या उलट्या करवतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळ उकळी आणून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. वाल-पावट्यालाही हेच लागू. अळूच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. चिंच घालून नीट शिजवले की त्रास होत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. गाजर आणि टोमॅटो यांचे तर शिजवून थोड्या तेलात परतले की सत्त्व अंगी जास्त लागते, कमी नाही.

काही गोष्टी मात्र शिजवूनही सुधारत नाहीत. कडू दुधी त्यातली पहिली. दुधीची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. बुरशी आलेले शेंगदाणे, हिरवा पडलेला, कोंब फुटलेला बटाटा हेही तसेच. स्वस्त मिळतात म्हणून काळपट शेंगदाणे आणून कूट करणे धोक्याचे आहे, कारण ते विष भाजून जात नाही.

शिजवताना सत्त्व राखायचे तर भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. पाणी थोडे, झाकण घट्ट, वेळ कमी. पालक सोडून बाकी भाजीचे उकळलेले पाणी आमटीत किंवा कणकेत घाला. गॅसही वाचतो. तीळ, कारळे, जवस यांची भाजून केलेली चटणी रोजच्या भाकरीबरोबर असू द्या. जवस अख्खा खाल्ला तर तसाच पोटातून निघून जातो, म्हणून कुटूनच. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधापेक्षा जवळपास तिप्पट. लहान मुलांची पेज तिचीच करावी.

एक गोष्ट कुठल्याच भाजीत मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येते. धडधाकट माणसाचा साठा तीन महिन्यांत संपत नाही. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वर्षावासात दूध, दही किंवा ताक सोडू नये, आणि डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली असतील तर खावीत.

रक्त फारच कमी असेल तर केवळ भाजीने ते भरत नाही, लोहाच्या गोळ्या लागतातच. गरोदर बायांना रोजची लाल गोळी, शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याची निळी गोळी सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते. त्या घ्या, चहाबरोबर मात्र नको. शौच काळी होते, घाबरू नका. जंताची गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये देतात. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर आशाताईंना विचारून नंतरच्या फेरीत गोळी द्यावी.