मुखपृष्ठांच्या नादात (९) : आधी गोरिला, मग गोष्ट

मागच्या आठवड्यात जॉनी क्रेगने मुखपृष्ठावर काढलेल्या त्या कुप्रसिद्ध मुंडक्यापाशी आपण थांबलो होतो आणि आज अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत शिरायचं ठरलं होतं. ते आज होणार नाही. मध्येच सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने मला दुसरं काही सुचू दिलं नाही. मुंडकं कुठे पळून जात नाही. १९५४पासून थांबलंय, आणखी आठ दिवस थांबेल.

प्रश्न असा : लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्स विकत घ्यायचो ते मुखपृष्ठ बघून. घरी आणून वाचलं की मुखपृष्ठावरचं दृश्य आतमध्ये जसंच्या तसं कधी सापडायचंच नाही. चित्रकार गोष्ट न वाचताच चित्र काढायचा की काय?

इंद्रजालपुरतं उत्तर सोपं आहे. वेताळ आणि मॅन्ड्रेक हे दोघंही मुळात वर्तमानपत्रातले. ली फॉकचा वेताळ १९३६पासून रोज दोन-तीन चौकटींच्या पट्टीत यायचा, आणि पट्टीला मुखपृष्ठ लागतच नाही. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मुंबईहून इंद्रजाल सुरू केलं तेव्हा त्या पट्ट्यांची पुस्तिका झाली आणि प्रत्येक अंकाला दर्शनी चित्राची गरज पडली. ते मूळ मालात नव्हतंच, म्हणून इथे नव्याने रंगवून घ्यावं लागलं. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांची, ‘बी. गोविंद’ ही त्यांची ओळख जुन्या संग्राहकांना तोंडपाठ असते. आतल्या चित्रांत काळी रेघ आणि सपाट रंग, बाहेर मात्र कुंचल्याने रंगवलेलं, छायाप्रकाशाचं चित्र. बाहेरचा वेताळ आणि आतला वेताळ सख्खे नव्हेत, चुलतभाऊ वाटायचे ते यामुळे. मला विचाराल तर बाहेरचाच जास्त देखणा.

पण अमेरिकेत, कॉमिक्सच्या मूळ कारखान्यात, हाच प्रश्न विचारला तर उत्तर उलटंपालटं होतं. तिथल्या चित्रकाराने गोष्ट वाचलेली नसायची हे खरंच. कारण पुष्कळदा ती लिहिलेलीच नसायची.

ही पद्धत ज्याने सर्वांत हौसेने राबवली त्याचं नाव ज्युलियस श्वार्ट्झ. ब्रॉंक्समध्ये वाढलेला, विज्ञानकथांचा लहानपणापासूनचा वेडा. कॉमिक्समध्ये येण्यापूर्वी तो विज्ञानकथालेखकांचा एजंट होता. लवक्राफ्टची एक लांबलचक कथा त्याने मासिकाला विकून दिली होती आणि कोवळ्या वयातला रे ब्रॅडबरी त्याचा अशील होता. ही कथामासिकं म्हणजे स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेली ‘पल्प’ मासिकं. तिथे एक व्यवहार रूढ होता. मुखपृष्ठाचं रंगचित्र आधी विकत घेऊन ठेवायचं आणि मग एखाद्या लेखकाला सांगायचं, याला साजेशी कथा दे. रंगीत छपाईला वेळ लागतो, मुखपृष्ठ आधी छापखान्यात जावं लागतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे मासिक खपतं ते चित्रावर, त्यामुळे खपणारी गोष्ट आधी पक्की करायची. १९४४मध्ये श्वार्ट्झ कॉमिक्सचा संपादक झाला तेव्हा ही रीत तो सोबत घेऊन आला.

१९५०मध्ये ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’ नावाचं विज्ञानकथांचं कॉमिक सुरू झालं. त्याचा आठवा अंक १९५१चा. मुखपृष्ठावर पिंजऱ्यातला गोरिला, आणि तो बाहेरच्या बाईला लेखी कळवतोय की मी खरा माणूस आहे, एका भयंकर प्रयोगाचा बळी आहे. तो अंक इतर अंकांपेक्षा ठळकपणे जास्त खपला. तो काढणाऱ्या डीसी या कंपनीच्या कार्यालयात विक्रीचे आकडे मुखपृष्ठांशी ताडून पाहायची शिस्त होती आणि मालकाचा मुलगा अर्विन डोनेनफेल्ड याचं त्यावर बारीक लक्ष असे. हा अंक का खपला, याचा खल झाला. गोरिलामुळे? की गोरिला माणसासारखा वागतोय म्हणून? पुन्हा एक गोरिला छापून पाहिला. पुन्हा खपला.

मग जे झालं ते श्वार्ट्झच पुढे हसत हसत सांगत असे. कंपनीतल्या प्रत्येक संपादकाला गोरिला हवासा झाला. युद्धकथांत गोरिला, अंतराळात गोरिला, सुपरमॅनसमोर गोरिला. शेवटी वरून फर्मान निघालं म्हणे : महिन्याला एकाच मुखपृष्ठावर गोरिला, त्याहून जास्त नाही.

फर्मान निघालं तरी गोरिल्यांचा पूर काही ओसरला नाही. एकट्या १९५९ सालाकडे पाहा. जानेवारीत ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’च्या शंभराव्या अंकात गोरिलावर चक्क न्यायालयात खटला. त्याच महिन्यात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये काँगो बिल या जुन्या शिकाऱ्याचं मन सोनेरी गोरिलाच्या देहात शिरलं. फेब्रुवारीत सुपरमॅनला टायटॅनो नावाचं महाकाय माकड भेटलं. आणि त्याच वर्षी फ्लॅशच्या मालिकेत आला गोरिला ग्रॉड, बुद्धिमान गोरिल्यांच्या गुप्त नगरीतला खलनायक. बाकीचे आले तसे विस्मरणात गेले. ग्रॉड अजून नांदतो आहे.

त्या काळी कॉमिक्स मुख्यतः कोपऱ्यावरच्या पेपरच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, फिरत्या लोखंडी रॅकवर विकली जात. वर्गणीदार थोडे. दहा सेंटचं नाणं मुठीत धरून आलेलं पोर काही सेकंदांत निवड करणार. रॅकमध्ये अंक एकमेकांवर असे रचलेले की दिसायचा तो वरचा तिसरा हिस्सा, म्हणूनच नाव ठळक अक्षरांत डोक्यावर. न खपलेले अंक परत घेतले जात, पण अख्खा गठ्ठा पाठवण्याचा खर्च कोण करणार? दुकानदार मुखपृष्ठाची वरची, नावाची पट्टी फाडायचा आणि तेवढीच पाठवून पैसे वळते करून घ्यायचा. पडलेल्या पुस्तकाचा पुरावा मुखपृष्ठच, आणि विक्रीची सगळी भिस्तही त्याच्यावरच. अशा बाजारात संपादकाने गोष्टीआधी मुखपृष्ठाला हात घातला यात मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यातून कधीकधी चांगल्या गोष्टीही निघाल्या याचं.

श्वार्ट्झची बैठक अशी असे : चित्रकार मुखपृष्ठाचं रेखाटन आणून देणार. मग गार्डनर फॉक्स किंवा जॉन ब्रूम, त्याच्या पठडीतले दोन हुकमी लेखक, समोर बसणार, आणि चित्रात जे अशक्य संकट आहे ते कसं ओढवलं आणि त्यातून सुटका कशी, याची दोघं मिळून जुळवाजुळव करणार. लेखक घरी जाऊन लिहिणार. श्वार्ट्झचा एक दंडक मात्र होता आणि त्यासाठी मी त्याला मानतो : मुखपृष्ठावर जे दाखवलं ते आत घडलंच पाहिजे. शेजारच्या खोलीत मॉर्ट वाइझिंगर सुपरमॅनची मालिका चालवत होता. त्याच्या मुखपृष्ठांवर सुपरमॅन जिवलग मित्रांना दगा देतो, जाळून टाकतो, लग्नाला नकार देतो, आणि आत शिरल्यावर बहुधा ते सोंग तरी निघतं नाहीतर काल्पनिक कथा तरी. खपली ती भरपूर. पण तीन-चार वाचल्यावर मला त्यांचा कंटाळा येतो. एकदा फसण्यात गंमत आहे, दर महिन्याला नाही.

आता माझ्या लाडक्या चित्राकडे. सप्टेंबर १९६१, ‘द फ्लॅश’ अंक १२३. रेखाटन कार्माइन इन्फन्टिनोचं, शाई मर्फी अँडरसनची. चित्राच्या मधोमध उभी विटांची भिंत. पुढच्या बाजूला एका माणसावर लोखंडी तुळई कोसळतेय. भिंतीच्या एका अंगाने लाल पोशाखातला फ्लॅश, बॅरी अ‍ॅलन, त्याला वाचवायला धावत येतोय. दुसऱ्या अंगानेही फ्लॅशच धावत येतोय, पण हा वेगळा. डोक्यावर पंख लावलेलं धातूचं शिरस्त्राण. दोघांच्या मध्ये भिंत असल्याने एकाला दुसरा दिसत नाही. दोघंही एकदम दिसतात ते फक्त आपल्याला.

ही रचना नीट बघा. भिंत ही चित्रातली सर्वांत नीरस वस्तू, नुसत्या विटा. पण ती काढून टाकली तर उरतात दोन धावणारी माणसं आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कळत नाही. भिंतीमुळे चित्राची दोन जगं होतात. १९६१मधल्या दहा वर्षांच्या मुलाने तो शिरस्त्राणवाला जन्मात पाहिलेला नव्हता. त्या जुन्या फ्लॅशची, जे गॅरिकची, स्वतःची मालिका १९४९मध्येच बंद पडली होती. नवा फ्लॅश आला १९५६मध्ये, आणि दोघांचा काही संबंध आहे असं तोवर कुणी म्हटलेलं नव्हतं. उलट बॅरी अ‍ॅलन स्वतः लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचत असे, असंच दाखवलं होतं. आणि इथे तर कॉमिकमधलं पात्र त्याच्या शेजारून धावतंय! पोराने वाचायचं नाही तर काय करायचं?

इन्फन्टिनो सांगत असे की श्वार्ट्झला पेचात पकडायला तो मुद्दाम न सुटणारी मुखपृष्ठं काढून आणायचा : घे, आता याची गोष्ट करून दाखव. या चित्राची गोष्ट करण्याचं काम गार्डनर फॉक्सकडे आलं आणि इथे योगायोग असा की जे गॅरिकला १९४०मध्ये जन्माला घालणारा लेखक फॉक्सच. त्याने उत्तर काढलं ते असं : विश्वं दोन आहेत, एकाच जागी, पण वेगवेगळ्या कंपनगतीने थरथरणारी. बॅरी स्वतःची कंपनं बदलतो आणि चुकून पलीकडे जाऊन पडतो. मग कॉमिक्सचं काय? त्याचंही उत्तर आहे. बॅरीच्या जगात ज्याने जे गॅरिकच्या कथा लिहिल्या त्या लेखकाला त्या स्वप्नात दिसायच्या, म्हणजे त्याचं मन झोपेत दुसऱ्या विश्वाशी जोडलं जायचं. बॅरी त्या लेखकाचं नावही सांगतो : गार्डनर फॉक्स. स्वतःला इतक्या ऐटीत गोष्टीत आणून बसवणारा लेखक मला फार आवडतो.

एका मुखपृष्ठाची सोय लावण्यासाठी काढलेली ही पळवाट डीसीला पुढची चोवीस वर्षं पुरली. दुसरी पृथ्वी आली, तिसरी आली, मग कोणत्या पृथ्वीवर कोण, याचा हिशेब वाचकांनाही लागेना आणि संपादकांनाही. शेवटी १९८५मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांना बारा अंकांची मालिका खर्ची घालून ती सगळी विश्वं एकत्र मोडीत काढावी लागली. त्याच मालिकेतल्या सातव्या अंकाचं मुखपृष्ठ, सुपरगर्लचा देह हातांवर घेऊन उभा आक्रंदणारा सुपरमॅन, हा आपल्या या लेखमालेत पुढे स्वतंत्र विषय आहे. आठव्या अंकात बॅरी अ‍ॅलनही गेला. इन्फन्टिनोच्या त्या विटांच्या भिंतीपासून इथवर सरळ रस्ता येतो.

फॉक्स-ब्रूम-इन्फन्टिनोची सगळीच कोडी इतकी फळली नाहीत. १९६२च्या डिसेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर फ्लॅशची कळसूत्री बाहुली होतेय आणि आपली बाहुली होतेय असा संशय येत असल्याचं तो स्वतःशीच म्हणतोय. विचाराचा हा फुगा वाचून आजवर कितीजण पोट धरून हसलेत! पण चित्र पाहा : लाकडी सांध्यांची ती अर्धवट माणूस असलेली आकृती, तिचा लुळा तोल, इन्फन्टिनोने जीव ओतून काढलाय. फुग्यावर बोट ठेवून बघितलं, की चित्र उत्तम आहे. त्याहून मला भावतो १९६६चा १६३वा अंक. संकट नाही, खलनायक नाही, फ्लॅश थेट आपल्याकडे तोंड करून तळहात पुढे धरतो आणि हा अंक टाकून जाऊ नका, माझा जीव त्यावर अवलंबून आहे, अशी विनवणी करतो. निव्वळ दुकानदारी, असं तुम्ही म्हणाल. पण आत कथा अशी आहे की लोकांचा विश्वास उडत जातो तसतसा फ्लॅश विरून चाललाय. मुखपृष्ठावरची विनवणी शब्दशः खरी ठरते. श्वार्ट्झचा दंडक इथेही पाळला गेला.

तोवर मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपनीने डीसीला घाम फोडला होता. डोनेनफेल्डने इन्फन्टिनोला बोलावून कंपनीच्या सगळ्याच मुखपृष्ठांची आखणी त्याच्या हाती दिली. याचा सुगावा लागताच मार्व्हलच्या स्टॅन लीने त्याला जास्त पगाराचं आमंत्रण धाडलं. डीसीने तेवढे पैसे दिले नाहीत, पण कला-दिग्दर्शकाचं पद देऊ केलं आणि तो थांबला. काही काळातच तो संपादकीय संचालक झाला आणि १९७१मध्ये थेट प्रकाशक. जो कुबर्टसारख्या चित्रकारांना त्याने संपादकांच्या खुर्च्यांवर बसवलं, निक कार्डी आणि नील अ‍ॅडम्स यांच्याकडून मुखपृष्ठं करून घेतली. एवढा मोठा साहेब झाल्यावरही मुखपृष्ठांची कच्ची रेखाटनं तो स्वतः करायचा आणि मग चित्रकाराच्या हाती द्यायचा. गोष्ट लिहायला लेखक होतेच.