राऊतवाडीच्या धबधब्याला जायचं तर आधी बंधारा बघा



पावसाळा लागला की आमच्या वर्गात एकच विषय निघतो. राऊतवाडीला कधी जायचं? यंदा आमच्या घरच्या सहलीचा बेत ठरवायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं आहे. त्यासाठी जी माहिती मी गोळा केली ती इथे देत आहे.

राऊतवाडी राधानगरी तालुक्यात आहे. कोल्हापूर ते राधानगरी सुमारे ५० किलोमीटर. वाटेत हळदी, परिते, कौलव ही गावे लागतात आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस. राधानगरीपर्यंत एस.टी. जाते. तिथून धबधब्यापर्यंत वडाप मिळालं तर ठीक, नाहीतर गाडी ठरवावी लागते. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून घ्यावी.

तिकिटाचा हिशेब मजेशीर आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. २०२३ सालापासून बायकांनाही अर्धं. पंचाहत्तरच्या पुढच्या माणसांना २०२२ पासून फुकट. मला अजून बारा पूर्ण नाहीत. म्हणून बाबांचं एक, आईचं, माझं आणि ताईचं अर्धं अर्धं, आजोबांचं शून्य. पाच माणसं अडीच तिकिटांत! आजोबा म्हणाले, "मग मला दोनदा न्या की."

आता मुख्य गोष्ट. दिवस कोणता धरायचा?

राधानगरीच्या डोंगरात पडलेलं पाणी भोगावती नदीत येतं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. सरस्वती गुप्त आहे असं मानतात, म्हणून नाव पंचगंगा. हीच नदी आपल्या कसबा बावड्याला येते. म्हणजे तिकडं किती पाऊस झाला ते आपल्याला इथल्या राजाराम बंधाऱ्यावर समजतं. बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज पेपरात छापून येते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

दुसरी खूण राधानगरी धरणाची. हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. महाराज १९२२ साली वारले तेव्हा ते अपुरंच होतं, पुढं पुरं झालं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीवर आलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. मला तर धबधब्यापेक्षा हेच बघायची जास्त हौस आहे. पण दरवाजे उघडल्याची बातमी आली तर तो दिवस सहलीचा नव्हे.

म्हणून मी असं ठरवलं आहे : पातळी उतरत असेल आणि दरवाजे बंद असतील तरच निघायचं. ताई म्हणते, जुलैत धबधबा सगळ्यात मोठा असतो. असू दे. थोडा बारीक झालेला धबधबाही तेवढाच छान दिसतो.

मात्र बंधारा उतरला म्हणजे ओढाही शांत असेल असं नाही. नदीत दिसतो तो आधी पडून गेलेला पाऊस. डोंगरावरचा ओढा लहान असतो. वर माथ्यावर आत्ता सर आली तर थोड्याच वेळात पाणी खाली येतं, आणि खाली उभ्या माणसाला ऊन लागत असतं. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलंही होती. पाणी वाढलं तेव्हा ती माणसं प्रवाहाच्या मधोमध उभी होती, कडेला यायला वाट उरली नाही.

आजोबांनी खुणा सांगितल्या त्या आईने मला लिहून घ्यायला लावल्या. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या आणि पाला वाहत येऊ लागला, आवाज घुमायला लागला, की लगेच बाहेर पडून उंच जागी जायचं. चप्पल राहिली तर राहू दे. "पाण्याला वळख नसतीया रं पोरा," असं ते म्हणाले. शेवाळलेल्या दगडावर तर पायच द्यायचा नाही. आम्ही धबधबा कडेनेच बघणार.

शिदोरी म्हणून भाकरी, पिठलं, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी. कपड्यांचा एक जादा जोड, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी.

आमचा बेत रविवारचा आहे. शनिवारच्या पेपरातला बंधाऱ्याचा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीन. ज्यांना यायचं असेल त्यांनी तो बघावा आणि घरी विचारून मला सांगावं.