वॉटर पार्कला जाताय? आधी वास घ्या!

सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडची कुटुंबे वर्गणी काढून, गाडी करून वॉटर पार्क असलेल्या रिसॉर्टवर मुक्कामाला जातात. मुलांची हौस जरूर पुरवावी. पण काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असे अनेकांना वाटते. खरे तर उलट आहे. क्लोरीनमध्ये घाम आणि लघवी मिसळली की क्लोरामाइन तयार होते. तो उग्र वास त्याचा. छताखालच्या बंद पार्कमध्ये ते हवेत साचते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दमा असलेल्या मुलांना धाप लागते. अशा वेळी मुलांना लगेच मोकळ्या हवेत आणावे.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी सर्वांनी साबणाने अंघोळ करावी. लहान मुलांना तासातासाने शौचालयात न्यावे. पाणी गिळू नये, हे त्यांना समजावून सांगावे. क्लोरीनने बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात. पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम त्यातही अनेक दिवस तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात सोडू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. कृष्णेत पोहणाऱ्या मुलांवरही लक्ष हवेच. हवेच्या ट्यूबवर भरवसा ठेवू नये. मोबाईल बाजूला ठेवून एका मोठ्या माणसाने लहानग्यांच्या हाताच्या अंतरावर राहावे. मूल बुडालेच, तर त्याला उलटे धरू नये, पोट दाबू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा.