हातातला कॅमेरा

पूर्वी फोटो काढणे हा एक प्रसंग असे. लग्न जमवायचे असले, परीक्षेचा अर्ज भरायचा असला, की माणसे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जात. मागे रंगवलेला पडदा, समोर दिवे आणि ‘हलू नका’ असे बजावणारा फोटोग्राफर. आज तो सगळा स्टुडिओ आपल्या हातात आला आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात रोज किती फोटो निघत असतील याची गणती कोणी करू शकणार नाही. पण त्यांपैकी जपून ठेवावेत असे किती? हा प्रश्न मला पडला. उत्तर शोधताना जे वाचले आणि स्वतः करून पाहिले, ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महागडा फोन म्हणजे चांगला फोटो असे आपण धरून चालतो आणि दुकानात मेगापिक्सेलचा आकडा विचारतो. मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती लक्ष ठिपक्यांचे बनले आहे त्याचे माप. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष ठिपके. परंतु हे ठिपके ज्या चकतीवर बसवलेले असतात ती बहुतेक फोनांत करंगळीच्या नखाहूनही लहान असते. तेवढ्याशा जागेत ठिपके वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. म्हणूनच पन्नास मेगापिक्सेलचे पुष्कळ फोन चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. तेव्हा आकड्यापेक्षा उजेडाचा विचार अधिक मोलाचा.

मराठीत आपण ‘छायाचित्र’ म्हणतो. ‘फोटोग्राफ’ या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ मात्र ‘प्रकाशाने रेखाटलेले’ असा आहे. एका भाषेने छाया पाहिली, दुसरीने प्रकाश पाहिला. फोटोला दोन्ही लागतात. आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी ऊन डोक्यावर असते, तेव्हा कपाळ चकाकते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. त्याच माणसाला ओसरीवर किंवा निंबाच्या सावलीत उजेडाकडे तोंड करून बसवावे, म्हणजे चेहरा मोकळा दिसतो. सकाळचे आणि सायंकाळचे तिरपे ऊन सर्वांत चांगले. पाठीमागे उघडे आभाळ असेल तर चेहरा काळा पडतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा तेथला उजेड मोजतो.

खामगाव हे कापसाचे आणि चांदीचे गाव. कापसासाठीच जलंबहून येथपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० साली आला आणि चांदीच्या बाजारपेठेमुळे गावाला ‘रजतनगरी’ म्हणतात. गंमत अशी की या दोन्ही वस्तू कॅमेऱ्याला हमखास फसवतात.

कॅमेऱ्याला कापूस कळत नाही आणि मातीही कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे आहे असे धरून तो चालतो. चौकटभर कापसाचा ढीग दिसला की उजेड फार झाला असे समजून तो उजेड कमी करतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट, करडा दिसतो. उलट नांगरलेली काळी जमीन दिसली की ती त्याला अंधारी वाटते. तो उजेड वाढवतो आणि काळीभोर माती फिकट पडते. नव्या फोनांत हा दोष कमी झाला आहे, पण गेलेला नाही. उपाय सोपा आहे. पडद्यावर बोट टेकवले की बहुतेक फोनांत सूर्याचे लहानसे चिन्ह येते. कापसासाठी ते थोडे वर सरकवावे, मातीसाठी थोडे खाली.

चांदीची गोष्ट निराळी. घासलेली चांदी आरशासारखी असते. तिच्या फोटोत तिच्याभोवतालचेच सारे उमटते. दुकानातल्या नळीदिव्यांच्या रेघा, फोन, आपला हातसुद्धा. फ्लॅश मारला तर पांढरा डाग पडतो आणि नक्षी नाहीशी होते. अशा वेळी फ्लॅश बंद करून वस्तू दाराशेजारच्या उजेडात ठेवावी आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद किंवा धुतलेली ओढणी उभी धरावी. मग चांदीत त्या पांढऱ्या रंगाचे प्रतिबिंब पडते आणि नक्षीची रेघ न् रेघ दिसू लागते. खर्च काही नाही.

आता अंतराविषयी. फोनची मुख्य काच रुंद दृश्य टिपणारी असते. ती चेहऱ्याच्या अगदी जवळ नेली तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे जाऊन, सोय असल्यास दुप्पट मोठे करून फोटो घ्यावा. मात्र दूरच्या वस्तूसाठी दोन बोटांनी चित्र ताणत नेऊ नये. दूरचे पाहणारी वेगळी काच फोनमध्ये नसेल तर त्या ताणण्याने चित्राचा मधला तुकडा नुसता फुगवला जातो. शक्य असेल तेथे पायांनीच जवळ जावे. आणि सर्वांत आधी काच पुसावी! खिशातली धूळ आणि बोटांचे तेल यांमुळेच निम्मे फोटो धुरकट येतात.

रात्रीच्या फोटोंची हौस आपल्याला कोजागिरीपासून सुरू होणाऱ्या मोठ्या देवीच्या उत्सवात येते. रात्रीसाठी फोनमध्ये जी सोय असते तीत कॅमेरा एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांचे एकच चित्र करतो. म्हणून दोन-तीन सेकंद हात स्थिर हवा. कोपर बरगड्यांना टेकवावे किंवा खांबाला पाठ लावावी. मिरवणूक चालत असेल तर माणसे फराटल्यासारखी येतात. ती थांबेल त्या क्षणाची वाट पाहावी. फ्लॅशचा उजेड जेमतेम चार-पाच हात पोचतो. लांबच्या मूर्तीवर तो मारून उपयोग नाही.

येथपर्यंत यंत्राविषयी झाले. पण फोटोत यंत्रापलीकडचेही काही असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजोबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून भिंतीवर लावला आहे. त्यात आजोबा आहेत, पण त्यांचे हसू नाही, हातातला विळा नाही, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहण्याची त्यांची लकब नाही. अशी घरे आपल्या वर्गात पुष्कळ असतील. आजी म्हणते, ‘माह्या फोटो काहाले काढतं वं पोरी?’ मी तिला सांगते, यासाठीच.

म्हणून मला ती ‘सौंदर्य’ वाढवणारी सोय आवडत नाही. ती आजीच्या सुरकुत्या पुसते आणि उन्हात रापलेला रंग उजळ करते. ज्या उन्हात तिने कापूस वेचला ते ऊनच फोटोतून निघून जाते. खरा रंग हा पुरावाही असतो. जून २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे पुढे तपासणीत आढळले. अशा वेळी फोटोतला रंग कोणी हौसेने गडद केला असेल, तर पाहणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा?

दुसरी गोष्ट परवानगीची. शेजारच्या अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन दीर्घकाळ टिपले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत घाण आहे, कष्ट आहेत, पण माणूस कोठेही लहान झालेला नाही. बाजारात हमाल किंवा भाजीवाली दिसली की दुरून गुपचूप फोटो घेणे सोपे असते. त्यापेक्षा ‘मावशी, एक फोटो घेऊ का?’ असे विचारावे, नाही म्हणाल्या तर फोन खाली करावा, आणि हो म्हणाल्या तर काढलेला फोटो त्यांना दाखवावा.

सरावासाठी एक प्रयोग सुचवते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली होती. आपणही पराटीचे एक झाड ठरवून रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो घ्यावा. पात्या, फूल, बोंड, फुटलेला कापूस असा सारा हंगाम हाती येईल आणि उजेड पाहण्याची सवयही लागेल.

आणि काढलेले फोटो जपावेत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचित होऊन जातो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ रूपात पोचतो. फोन बिघडला की सारेच जाते, म्हणून दुसरीकडे एक प्रत ठेवावी. निवडक फोटो कागदावर काढून घ्यावेत आणि मागे नाव, गाव, तारीख लिहावी.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी शेते पिकवली, गठाणी वाहिल्या, घरे उभी केली. त्यांच्या आयुष्याची चित्रे मात्र कोणी काढली नाहीत. लिहिता-वाचता येणारी आपली पिढी हातात कॅमेरा घेऊनच आली आहे. मित्रहो, या दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हा स्वतःचे फोटो अवश्य काढा. पण त्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला दारातल्या उजेडात बसवा, काच पुसा आणि त्यांच्याशी बोलत बोलत एक फोटो घ्या.