विळीपर्यंत किती अंश?

मांडीचे हाड गुडघ्याच्या अगदी वर मोडले, की डॉक्टर ते पट्टी आणि स्क्रू घालून सांधतात, एक्स-रे उजेडाकडे धरून "झकास बसलं आहे" म्हणतात, आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पण वाचकहो, खरे प्रकरण तेथून पुढेच सुरू होते. हाड आपल्या गतीने जुळत असते. गुडघा मात्र स्वस्थ ठेवला, की रुसून बसतो.

आमच्या रत्नागिरीत आषाढात जांभ्याच्या पायऱ्यांवर कसे शेवाळ चढते, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. गेल्या वर्षी परसातल्या पायरीवरून मी घसरले. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आणि घरी माझे जे लाड सुरू झाले ते काय सांगावेत! सासूबाईंनी गुडघ्याखाली मऊ उशी सारली. ह्यांनी चहा अंथरुणात आणून दिला. शेजारच्या वहिनींनी तेल चोळून देणाऱ्या एका हाडवैद्याचे नाव सुचवले.

व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने आल्याआल्या ती उशीच काढली. "काकू, उशीनं बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो." सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चोळण्यालाही तिने साफ मनाई केली. ताज्या मोडीभोवती जोराने रगडले, तर स्नायूतच हाड धरण्याची भीती असते म्हणे.

तिने कारण समजावले, ते मला पटले. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू नेमका त्या मोडीवरून जातो. हालचाल नसली, की तो हाडाला आणि सांध्याच्या आवरणाला चिकटतो. पूर्वी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवलेल्या कितीतरी पायांची हाडे जुळली, पण गुडघे लाकडाचे झाले. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आदी शल्यचिकित्सकांनी संघटना काढली, ती हाच हट्ट धरून: हाड घट्ट सांधा आणि सांधा लगेच हलवा. आपल्याकडे परळच्या के. ई. एम. मध्ये हे शास्त्र शिकवायला आरंभ झाला, तोही त्याच दशकात.

व्यायाम दिसायला अगदी पोरकट. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचे. टाच अंथरुणावरून सरकवत जवळ आणायची. शिरेत रक्त गोठू नये म्हणून पावले वरखाली. हे दिवसातून चार वेळा! पायावर भार मात्र डॉक्टरांनी एक्स-रेत नवे हाड पाहिल्यावरच. मग वजनाच्या काट्यावर पाय ठेवून दहा किलो म्हणजे किती, वीस म्हणजे किती, हे शिकले. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

ती दर आठवड्याला कोनमापकाने गुडघा मोजी. सपाटीवर चालायला साठ-सत्तर अंश पुरतात. जिन्याला ऐंशी-नव्वद, खुर्चीतून उठायला थोडे अधिक. पुष्कळांचे समाधान येथे होत असावे. परंतु उकिडवे बसायला एकशेतीसच्या आसपास लागतात, आणि विळीवर बसून नारळ खवायचा, म्हणजे एक गुडघा छातीशी हवा! मेजखुर्चीच्या घरात बरा ठरलेला गुडघा आमच्या माजघरात अपुराच पडतो.

तिसऱ्या महिन्यात काटा सत्तरवर अडला. दोन आठवडे एक अंशही पुढे नाही. असेच राहिले तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल, असे डॉक्टर बोलले, तेव्हा मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले. ह्यांनी मग चहा अंथरुणात देणे बंद केले. कप स्वयंपाकघरात ठेवत आणि वॉकर माझ्यापुढे. मला रागही आला. त्या आठवड्याच्या शेवटी त्र्याहत्तर झाले.

आज एकशेअठरा आहेत. पाटावर बसता येते, हाताला धरून उठता येते. यंदाच्या करंज्यांचे खोबरे ह्यांनीच विळीवर बसून खवले. मी स्टुलावरून देखरेख केली. करवंटीचा तपकिरी चुरा बराच आला आहे, पण सासूबाईंना तो दिसला नाही, असे त्या म्हणतात.