भाजलेल्या पावावरील चित्र

लष्करी छावणीला लागून असलेल्या भिंगारांत पाव परका नाहीं. ‘पाव’ हा शब्दच मुळीं पोर्तुगीजांकडून आलेला. अशा पावाच्या कापावर चंद्र किंवा पान कसें उमटवावें, तें आज सांगतों.

पाव तांबूस होतो तो केवळ जळून नव्हे. त्यांतील शर्करा व प्रथिनांचे घटक यांचा उष्णतेनें संयोग होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार यांनीं १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. सुमारें १४० अंश सेंटिग्रेडच्या पुढें ती जोरांत चालते. परंतु पृष्ठभाग ओला आहे तोंवर तो १०० अंशांच्या फारसा पुढें जात नाहीं. दुधानें काढलेली आकृति म्हणूनच आधीं फिकट दिसते आणि पाणी आटल्यावर रंगूं लागते. दूध फार लावलें, तर मात्र पाव नुसता लिबलिबीत होतो!

त्यापेक्षां आमच्या तव्याची रीत बरी. चमच्याच्या पाठीनें काप दाबून आकृति काढावी व तीच बाजू, दाबलेला भाग भरून येण्यापूर्वीं, सपाट तव्यावर मंद आंचेवर टेकवावी. खोलगट भाग तव्याला शिवत नाहीं. तो पांढरा राहतो आणि भोंवताल रंगतो.

ओव्हनमध्यें आंच वरून असेल, तर फॉईलची आकृति कापावर ठेवावी. विजेच्या उभ्या टोस्टरमध्यें मात्र ती मुळींच घालूं नये. तारेला लागली तर विजेचा धक्का बसेल, आगहि लागेल.

चित्र ठळक व्हावें म्हणून पाव काळा करूं नये. अशा भाजलेल्या पदार्थांत अॅक्रिलामाइड हें अपायकारक द्रव्य असतें, असें स्वीडिश संशोधकांनीं २००२ सालीं जाहीर केलें. रंग जितका गडद, तितकें तें अधिक. मधासारखा रंग आला, कीं काप उतरवावा.