एकटीने, छत्री घेऊन, मुंबईचा फोर्ट



गटाच्या कामासाठी आम्हा समन्वयकांना मुंबईच्या फेऱ्या पडतात. भाडं वाचावं म्हणून जायचं एकेकटीनंच. पहिल्या वेळी काम अकरालाच उरकलं, गाडी रात्रीची, आणि बाहेर धो धो पाऊस. मग काय, सीएसएमटीच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर बसलो. ज्या इमारतीला २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिच्यातच बसलो होतो, पण मान वर करून पाहिलं नाही. "एकटी बाई, पावसात कुठं हिंडणार?" हीच भीती. आता मात्र आम्ही हिंडतो. कसं, ते ऐका.

आधी भरतीची वेळ पाहायची. पेपरात, मोबाइलवर मिळते. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी चढते, त्यामुळे शहरातलं पाणी समुद्रात लवकर उतरत नाही. त्यातच मोठा पाऊस आला की रस्ते तुंबतात. त्या दोन-तीन तासांत आपण छपराखाली असावं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, पायात पट्ट्याची चप्पल, आणि घरी एक फोन.

सुरुवात सीएसएमटीपासूनच. स्टिव्हन्स या वास्तुकारानं ही इमारत बांधली. काम १८७८ साली सुरू झालं. रस्त्यापलीकडून घुमटावर पाहा, हातात मशाल घेतलेली एक बाई उभी आहे. ती म्हणजे 'प्रगती'. जवळच कामा रुग्णालय आहे. पुरुष डॉक्टरांकडे जायला बायका संकोचायच्या, दुखणं अंगावर काढायच्या. म्हणून १८८६ साली बायका-मुलांसाठी हा दवाखाना उघडला आणि एडिथ पिची या बाई डॉक्टरकडे त्याचा कारभार दिला. पेस्तनजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली होती.

पुढं दादाभाई नौरोजी रस्ता. इथं एकेकाळी किल्ल्याची तटबंदी होती, म्हणून हा भाग 'फोर्ट'. १८६०च्या दशकात तट पाडला आणि रुंद रस्ते झाले. इमारतींच्या तळाशी कमानींचे ओटे ठेवले, चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये म्हणून. आजही बरंच अंतर छत्री न उघडता जाता येतं. फक्त फरशी निसरडी असते, जपून.

हुतात्मा चौकात १८६४ चं कारंजं आहे आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. साहेबाचं कारंजं आणि आपल्या शेतकरी-कामगाराची मशाल, दोन्ही एकाच चौकात. तिथून जवळच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, १८७८ साली पुरा झालेला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. एवढ्या उंच मनोऱ्यावर कुणा राणीचं नाव नाही, एका आईचं आहे, हे आम्हाला फार आवडतं.

पावसाचा जोर वाढला की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठायचं. तीन तास कसे जातात कळत नाही. उघडीप मिळाली तर गेटवे. पंचम जॉर्ज बादशहाच्या आगमनाची ही कमान १९२४ साली पूर्ण झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण हिच्याखालूनच निघून गेली. लाटा उसळत असतील तर कठड्यापासून लांब राहायचं, लाँचचा हट्ट करायचा नाही.

सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटरची चाल. खर्च चहा, वडापाव आणि संग्रहालयाचं तिकीट.

चहावाल्यानं हटकून विचारलं, "ताई, सोबत कोण आहे?" पूर्वी आम्ही खोटंच सांगायचो, "मिस्टर येतायत." आता सांगतो, "कुणी नाही. शहर बघायला आलोय." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, दुसऱ्यांदा नाही.

घरी आल्यावर आम्ही गटाच्या बैठकीत हिशेबाबरोबर हेही सांगतो. परवा एक मावशी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कागद घेऊन मी जाते." नातवानं त्यांना भरतीची वेळ बघायला शिकवलीसुद्धा.